दोन एसएसडी जोडा म्हणता, पण एक गेली तर काय होतं ते पण छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत नवीन कॉम्प्युटर घेणाऱ्यांसाठी एक सल्ला आला होता, की १ टीबीची एक एसएसडी (डेटा साठवायची चिपवाली डिस्क) घेण्यापेक्षा ५००-५०० जीबीच्या दोन घ्या, रेड झिरोमधे (दोन डिस्क मिळून एक करायची पद्धत) जोडून टाका, पैसे जवळपास तेवढेच आणि स्पीड डबल. त्याच्यावर हे पत्र आहे. माझं अमळनेरला कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे आणि तो अंक आल्यापासून गिऱ्हाईक कात्रण घेऊनच येतंय, कात्रण नसलं तर मोबाईलमधे फोटो काढलेला असतो. त्यात जास्त करून लग्नाचे फोटो-व्हिडिओ करणारी पोरं, पारोळ्याची, चोपड्याची, धरणगावची, कारण आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आगेमागे आपल्याकडे लग्नांचा जो धडाका सुरू होतो त्याच्या आत त्यांना मशीन तयार पाहिजे. आणि बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य, "भाऊ, दोन लाई दे, एक गई ते दुसरी शे ना." म्हणजे दोन लावून दे, एक गेली तर दुसरी आहे ना.

हे ऐकलं की मला धडकीच भरते. रेड झिरोमधे एक गेली की दुसरीतलं पण सगळं गेलं, दुसरी नुसती चालू राहते, तिच्यात कामाचं काही उरत नाही. लेखात याबद्दल अर्धी ओळ पण नव्हती, आणि लोकांनी आपल्या मनानेच धरून घेतलं की दोन म्हणजे जास्त सेफ, आता यात लोकांची काय चूक, दोन म्हटल्यावर कोणालाही तसंच वाटणार. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, जागा कमी पडली तर कापा, पण मधलं कापू नका.

आधी हे जोडणं म्हणजे काय ते. लग्नात आहेराची वही लिहितात, कोणी किती दिले. समजा गर्दी आहे म्हणून दोन माणसं बसवली, पहिलं पान एकाच्या वहीत, दुसरं दुसऱ्याच्या, तिसरं परत पहिल्याच्या. लिहिणं भराभर होतं हे अगदी खरं. पण नंतर एक वही हरवली तर दुसरीत एक आड एक पान, त्याच्यातून हिशेब कुठून लागणार. कॉम्प्युटर तर पानभर पण लिहीत नाही, तो फाईलचे ६४ किंवा १२८ केबीचे तुकडे करतो आणि एक इकडे एक तिकडे टाकत जातो, म्हणजे १२८ केबी धरलं तर २० जीबीच्या एका व्हिडिओचे दीड लाखाच्या वर तुकडे झाले, त्यातले अर्धे गायब. अशा व्हिडिओतून एक मिनिटाचं फुटेज पण सलग निघत नाही.

रेडची मूळ कल्पना १९८८ ची, अमेरिकेत बर्कलीला डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ अशा तिघांनी पेपर लिहिला होता. त्यांचं म्हणणं असं होतं की एक महागडी मोठी डिस्क घेण्यापेक्षा स्वस्तातल्या छोट्या भरपूर लावा, पण डिस्क वाढल्या की बिघाड पण वाढणार हे त्यांना तेव्हाच दिसत होतं, म्हणून सोबत जादा कॉपी नाहीतर पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढता येईल असा जादा हिशेब) ठेवायची, म्हणजे एखादी गेली तरी काम चालू राहील. त्या पेपरमधे लेव्हल १ ते ५ होत्या. झिरो नव्हतीच, ते नाव मागून चिकटलं, आणि त्यात ती जादा कॉपीची सगळी सोयच काढून टाकलेली आहे.

गिऱ्हाईकांच्या डोक्यात जे असतं, एक गेली तर दुसरी आहे, ते रेड वन. त्यात दोन्हीवर सेम टू सेम लिहिलं जातं, म्हणून ५०० च्या दोन लावल्या तर वापरायला ५०० च मिळते. दुकानदार "रेड करून देतो" एवढंच म्हणतो, पुढचा आकडा कोणी विचारत नाही, आणि सगळा घोळ त्या आकड्यातच आहे. आणि रेड वन म्हणजे बॅकअप असं पण समजू नका, चुकून फोल्डर डिलीट केलं तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी डिलीट होतं, व्हायरसने फाईली लॉक केल्या तर दोन्हीकडच्या लॉक.

धोका किती वाढतो त्याचा हिशेब शाळेतला आहे. समजा एका एसएसडीची वर्षात मरायची शक्यता १०० त १ आहे (हा आकडा उदाहरणाला घेतलाय), तर दोनपैकी कोणतीही एक मरायची शक्यता जवळपास १०० त २. एकटीच्या डबल. आता कोणी म्हणेल २ टक्केच ना, ठीक आहे, पण ज्याच्या मशीनमधे तीन गावांची हळद, लग्न, बिदाई सगळं पडलेलं आहे आणि कॅमेऱ्याची कार्ड त्याने पुढच्या लग्नासाठी फॉरमॅट केलेली आहेत, त्याला ते २ टक्के काय असतात ते विचारा. मागच्या सीझनला असाच एक स्टुडिओवाला माझ्याकडे आला, मशीन दुसऱ्या गावाहून बनवून आणलेलं, दोन एसएसडी जोडलेल्या, त्यातली एक बायोसलाच (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) दिसत नव्हती. दुसरी एकदम ठणठणीत. त्याला हेच समजेना की एक चांगली आहे तर त्यातलं अर्धं तरी द्या ना काढून. पुण्याच्या रिकव्हरीवाल्यांना फोन लावला तर ते म्हणाले दोन्ही पाठवा, मेलेली आधी जिवंत झाली तरच पुढे काही, आणि एसएसडीचं असं आहे की कंट्रोलर (आतलं सगळं काम चालवणारी मुख्य चिप) मेला तर बऱ्याच मॉडेलमधे चिप काढून वाचली तरी डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो, उपयोग शून्य. हार्डडिस्क मरताना आधी आवाज करते, स्लो होते, काहीतरी सूचना देते. एसएसडी बऱ्याचदा काल चालू होती आणि आज नाही, अशीच जाते. त्या माणसाने शेवटी नवरीकडच्यांना पैसे परत केले, पण पैशाने हळद परत होत नाही आणि गावात नाव खराब झालं ते वेगळंच.

आता स्पीड. लेखातलं "डबल" हे कुठल्या जमान्यातलं ते बघा. हार्डडिस्क होत्या तेव्हा एक डिस्क सेकंदाला दीडशे-पावणेदोनशे एमबी द्यायची, दोन जोडल्या की तीनशेच्या घरात, फरक डोळ्यांना दिसायचा. मग साटा एसएसडी आल्या, हार्डडिस्कच्याच जुन्या लाईनवर चालणाऱ्या. साटाची लाईनच ६ गिगाबिटची, कितीही भारी एसएसडी लावा, प्रत्यक्षात ५५० एमबीच्या आसपास थांबते. तेव्हा दोन जोडून हजारच्या पुढे जाण्यात अर्थ होता कारण दुसरा मार्गच नव्हता. आता एनव्हीएमई आहे, म्हणजे त्याहून वेगवान लाईनवरची नवीन एसएसडी, मदरबोर्डवर आडवी बसते, २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब, म्हणून तिला २२८० म्हणतात. जेन थ्रीवाली (त्या लाईनची तिसरी पिढी) एकटी ३५०० एमबीपर्यंत जाते, जेन फोरवाली ७००० च्या जवळ. म्हणजे दोन साटा जोडून, धोका अंगावर घेऊन जेवढं मिळतं त्याच्या तिप्पट एकटी जेन थ्री काही न जोडता देते, आणि तरी दुकानातून अजून साटाच्या जोड्या लावून दिल्या जातायत कारण माल पडलेला आहे.

मग कोणी म्हणतं दोन एनव्हीएमईच जोडू. जोडा, टेस्टच्या सॉफ्टवेअरमधे आकडा खूप मोठा येतो, त्याचा स्क्रीनशॉट स्टेटसला छान दिसतो. पण विंडोज चालू होणं, टॅली उघडणं, फोटोशॉप उघडणं, ब्राउझरमधे पंधरा टॅब, हे सगळं छोट्या छोट्या तुकड्यांचं काम आहे, ४ केबी वगैरे. ४ केबीचा तुकडा वर सांगितलेल्या १२८ केबीच्या तुकड्यात आरामात मावतो, म्हणजे तो एकाच एसएसडीवर असतो, त्याच्यात दुसरी काय मदत करणार. एका वेळी एक असे ४ केबीचे तुकडे वाचायचे असतील तर चांगली एनव्हीएमई पण सेकंदाला ५० ते ८० एमबीच देते, ३५०० नाही, आणि जोडल्यावरही तेवढंच. उलट काही बोर्डवर रेड चालू केलं की मशीन ऑन व्हायलाच थोडा जास्त वेळ लागतो.

हां, पण एडिटिंगला लागतं ना, असं पोरं म्हणतात. त्याचाच हिशेब करू. लग्नाला जे फोर के शूटिंग करतात ते बहुतेक कॅमेऱ्यांत १०० मेगाबिटवर असतं, मेगाबिट बरं का, आठने भागा, म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. चार कॅमेरे एकाच टाईमलाईनवर टाकले तरी ५० एमबी. एक साधी साटा एसएसडी याच्या दहापट देते. तरी प्रिव्ह्यू अडकतो, का? कारण ते फुटेज एच २६५ मधे दाबून बसवलेलं असतं, त्यात नवीन कॅमेरे १० बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती असलेलं) देतात, ते उलगडून दाखवायला प्रोसेसर आणि ग्राफिकला दम लागतो. इंटेलच्या ११ व्या जनरेशनपासून पुढच्या बऱ्याच प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिकला हे फुटेज हार्डवेअरमधेच उघडता येतं, एनव्हिडियाच्या गेमिंग कार्डांत ती सोय ५० सिरीजपासून आली. इथे एक गंमत होते, चार पैसे वाचतात म्हणून लोक इंटेलचा 'एफ'वाला प्रोसेसर घेतात, त्यात आतलं ग्राफिकच नसतं, आणि मग प्रिव्ह्यू अडकतो म्हणून दुसरी एसएसडी लावायला माझ्याकडे येतात! प्रॉक्सी (फुटेजची हलकी कॉपी) बनवून काम करा म्हटलं तर कंटाळा, प्रीमियरमधे आहे, दाविंचीमधे आहे, रात्री लावून झोपून जा. एक्सपोर्टचं पण तेच, तो वेळ प्रोसेसर-ग्राफिकचा, डिस्क बाजूला आरामात बसलेली असते.

कार्ड खाली करायचा वेळ पण एसएसडीच्या नावावर टाकतात. साधं यूएचएस वन एसडी कार्ड, त्याची लाईन १०४ एमबीची, प्रत्यक्षात ९० धरा, तर १२८ जीबीचं भरलेलं कार्ड कॉपी व्हायला २३-२४ मिनिटं लागणारच, पुढे एक एसएसडी असो, दोन असो, नाहीतर दहा जोडा. आणि कार्ड रीडर जुना यूएसबी टूवाला असेल तर बोलायलाच नको. पाचशे-हजारचा चांगला रीडर घ्या ना आधी.

बायोसबद्दल कुठेच कोणी लिहीत नाही आणि आपल्याकडे खरी भानगड तिथेच होते. बोर्डवरून रेड केलं असेल तर बायोसमधे डिस्कचा मोड रेड करून ठेवलेला असतो. बोर्डवर तो गोल सेल असतो, सीआर २०३२, तो काही वर्षांनी उतरतो, आणि ज्यांना रात्री मेन स्विच पाडायची सवय आहे (आपल्याकडे लाईटच्या भानगडीमुळे बऱ्याच जणांना आहे) त्यांचा लवकर उतरतो, कारण करंट नसताना सगळा भार त्या सेलवर. सेल उतरला की बायोसची सेटिंग कंपनीच्या मूळ जागेवर जाते, बऱ्याच बोर्डवर ती एएचसीआय (प्रत्येक डिस्क वेगळी चालवायचा साधा मोड) असते, मग दोन्ही एसएसडी वेगवेगळ्या दिसायला लागतात आणि विंडोज सापडत नाही. इथपर्यंत काहीच बिघडलेलं नसतं! जोडणीची माहिती एसएसडीवरच लिहिलेली असते, मोड परत रेडवर आणला की बहुतेक वेळा सगळं जसंच्या तसं उभं राहतं. पण होतं काय, घरातला कोणीतरी हुशार पुतण्या ती एसएसडी दुसऱ्या मशीनला लावतो, विंडोज विचारतं की ही डिस्क इनिशियलाइज करू का (म्हणजे कोरी समजून नव्याने तयार करू का), तो ओके दाबतो, आणि बहुतेक तिथेच फॉरमॅट पण मारून देतो. मग माझ्याकडे येतात. बायोस अपडेट केल्यावर पण हेच होऊ शकतं. आणि बोर्डच जळाला तर, इंटेलच्या बोर्डवर केलेली जोडी एएमडीच्या बोर्डवर जशीच्या तशी उघडत नाही, सेम फॅमिलीचा बोर्ड शोधत फिरा. एकच एसएसडी असेल तर काढा आणि कुठल्याही मशीनला लावा, दहा मिनिटाचं काम.

विंडोजच्या आतूनच दोन डिस्क जोडायची सोय पण आहे, स्ट्राइप्ड व्हॉल्यूम नाहीतर स्टोरेज स्पेसेस, त्याला बोर्डशी देणंघेणं नसतं, पण त्याच्यावर विंडोज टाकता येत नाही, म्हणजे विंडोजला परत तिसरी जागा बघा. झिरोचा धोका तिथेही तोच.

आता आपल्या खान्देशाचं स्वतःचं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ ला जातो हे पेपरवाल्यांना मी सांगायला नको, तुम्हीच पहिल्या पानावर छापता. त्यात स्टुडिओ म्हणजे पत्र्याखालची खोली, कूलर माणसाकडे, मशीन कोपऱ्यात भिंतीला चिकटून. एनव्हीएमई बसते कुठे तर बऱ्याच बोर्डवर बरोब्बर ग्राफिक कार्डाच्या खाली, म्हणजे वरून पण गरम. घरगुती एसएसडी साधारण ० ते ७० डिग्रीत वापरायच्या म्हणून बनवलेल्या असतात, त्याच्या वर जायला लागली की ती स्वतःला वाचवायला स्वतःच स्लो होते. जोडी असेल तर मोठ्या फाईलचं काम दोघींवर वाटलेलं, म्हणून जी जास्त तापली तिच्या स्पीडने दोघी चालणार. एवढे पैसे घालून शेवटी मे महिन्याच्या दुपारी काय मिळालं? एक एसएसडी, तिला शंभर-दोनशेचं हीटसिंक (उष्णता खेचून घेणारी धातूची पट्टी), आणि कॅबिनेटला एक जादा पंखा, हे आपल्या हवेत जास्त कामाचं.

तापमानाचंच अजून एक, हे फार कमी जणांना माहीत आहे. एसएसडी बंद करून कपाटात ठेवली तर आतला डेटा कायम टिकतोच असं नाही. जेडेक म्हणून जी संस्था याचे नियम ठरवते तिच्या नियमात घरगुती एसएसडी तिची लिहायची मर्यादा पूर्ण संपल्यावर बंद अवस्थेत ३० डिग्रीला १ वर्ष डेटा धरून ठेवेल एवढीच अपेक्षा आहे. मर्यादा संपल्यावर, हे नीट वाचा, नवीन एसएसडी खूप जास्त टिकते, घाबरायचं काम नाही. पण तापमान वाढलं की ही मुदत कमी होते, आणि आपल्याकडे माळ्यावर उन्हाळ्यात ३० डिग्री तर पहाटे पण नसतं. म्हणून जुन्या लग्नांचा साठा जुन्या घासलेल्या एसएसडीवर टाकून माळ्यावर ठेवू नका, त्याला आपली साधी हार्डडिस्कच बरी.

आणि लाईट. वळवाचा पाऊस आला, रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या झाल्या की आमच्याकडे पण लाईट दहा वेळा ये-जा करते. घरगुती एसएसडीत सहसा कपॅसिटर नसतात, ते सर्व्हरवाल्या महागड्या मॉडेलमधे असतात, ज्यांनी लाईट गेल्यावर पण हातातलं लिहून पूर्ण होतं. जोडीत लिहिताना लाईट गेली तर एकीवर लिहून झालेलं आणि दुसरीवर राहिलेलं असं होऊ शकतं. यूपीएस एकटीला पण पाहिजेच, पण जोडीला तर त्याच्याशिवाय लावूच नका.

छोट्या एसएसडीचा आणखी एक मुद्दा, आतमधे चिप कमी असतात म्हणून त्याच मॉडेलची छोटी साईज लिहायला बऱ्याचदा स्लो असते. सॅमसंगच्या ९७० इव्हो प्लसचं बघा, २५० जीबीवाली लिहायला २३०० एमबी, ५०० वाली ३२००, १ टीबीवाली ३३००. म्हणजे २५० च्या दोन जोडणारा तर सगळ्यात जास्त फसतो. आयुष्याचं म्हणाल तर इथे जोडीवर आरोप करता येणार नाही, ८७० इव्होची ५०० वाली ३०० टीबी लिहिण्याची गॅरंटी देते आणि १ टीबीवाली ६००, दोन छोट्यांवर लिहिणं अर्धं-अर्धं वाटलं जातं म्हणजे बेरीज तेवढीच. पण बोर्डवरची जागा? स्वस्तातल्या एच ६१० सारख्या बोर्डवर एम डॉट टूची (एनव्हीएमई बसवायची खाच) एकच जागा असते बऱ्याचदा, दोन असल्या तर दुसरी कधीकधी स्लो लाईनवर असते, नाहीतर ती वापरली की एखादं साटाचं पोर्ट बंद पडतं, बोर्डच्या पुस्तकात लिहिलेलं असतं पण पुस्तक बॉक्समधून कोणी काढत नाही. दोन्ही जागा ५००-५०० ने भरून टाकल्या की दोन वर्षांनी जागा कमी पडल्यावर जुनी काढावी लागते, आणि जोडीतली एक काढता येत नाही, सगळं खाली करून परत पहिल्यापासून.

मग जोडूच नये का? तसं पण म्हणत नाही. ज्याला रॉमधे (कॅमेऱ्याच्या कच्च्या फुटेजमधे) सिक्स के-एट के शूटिंगवर काम आहे, सेकंदाला खरंच हजारो एमबी वाचायला लागतात, आणि मूळ फुटेज दुसरीकडे सुखरूप आहे, त्याने फक्त कॅशेसाठी, तात्पुरत्या फाईलींसाठी जोडी लावावी, गेली तर गेली, परत बनवता येतं. कोणाकडे दोन जुन्या एसएसडी पडल्या आहेत आणि नुसते गेम टाकायचे आहेत, जोडा बिनधास्त, गेम परत डाऊनलोड होतात. एका फोल्डरमधे ८ टीबी सलग पाहिजे आणि ८ टीबीची एक एसएसडी ४ च्या दोनपेक्षा फारच महाग पडतेय, तिथे पण समजू शकतो, बॅकअप असेल तर. पण अमळनेर-पारोळ्याला लग्नाचं काम करणाऱ्या पोरासाठी यातलं काहीच लागू होत नाही.

त्याला मी काय देतो ते सांगतो. १ टीबीची एकच टीएलसी (चिपच्या एका कप्प्यात तीन बिट ठेवणारी) एनव्हीएमई, पाच वर्षं वॉरंटीवाली, क्यूएलसी (एका कप्प्यात चार बिटवाली) नको कारण ती मोठं फुटेज सलग टाकताना आतली वेगवान तात्पुरती जागा, म्हणजे कॅशे, भरली की एकदम बसते. ज्याचं बजेट बसतं आणि बोर्डवर जागा आहे त्याला दोन देतो पण जोडत नाही, एकीवर विंडोज आणि सॉफ्टवेअर, दुसरीवर चालू कामं, म्हणजे विंडोज बोंबललं तर सी ड्राईव्ह उडवून परत टाकायचं, लग्नाला हात पण लागत नाही. यात वेग पण चांगला मिळतो आणि एक गेली तर खरोखरच दुसरी शाबूत राहते, जे त्या पोरांना मुळात पाहिजे असतं! बाकीच्या पैशात दोन बाहेरच्या हार्डडिस्क, एक स्टुडिओत आणि एक घरी, किंवा नंदुरबारच्या पाहुण्यांकडे, सुरत लाईनची गाडी आहेच. आणि पार्टीने अल्बम-व्हिडिओ घेऊन "मिळालं" म्हणेपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करायचं नाही, दोन कार्ड जादा घ्यावी लागली तरी चालतील, एसएसडीच्या जोडीपेक्षा स्वस्तात पडतात.

दुकानदार मंडळींना (आमच्याच धंद्यातली आहेत, रागावतील) एवढंच म्हणणं आहे की रेड झिरो करून देत असाल तर बिलावर तसं लिहा, दोन्ही एसएसडीचं मॉडेल लिहा, बायोसमधे कोणता मोड ठेवलाय ते लिहा, आणि गिऱ्हाईकाला समोर बसवून सांगा की एक गेली की सगळं गेलं. ऐकल्यावर पण त्याला पाहिजे असेल तर त्याचा निर्णय.

आणि संपादक साहेब, तुम्हाला विनंती, पुरवणीत जेवढ्या मोठ्या अक्षरात "स्पीड डबल" छापलं होतं तेवढ्याच अक्षरात पुढच्या रविवारी बाकीचं पण येऊ द्या. आखाजीच्या आधी आलं तर जास्त बरं, सध्या ऑर्डरी चालू आहेत. सगळं पत्र छापायला जागा नसेल तर निदान इनिशियलाइजचं तेवढं चौकटीत टाका, ज्यांनी आधीच जोडून घेतलंय त्यांच्यासाठी: मशीन चालू होत नसेल आणि डिस्क वेगवेगळ्या दिसत असतील तर इनिशियलाइज किंवा फॉरमॅटला ओके दाबू नका, आधी बायोसमधला मोड बघा, बोर्डवरचा सेल बदला, ३०-४० रुपयाला मिळतो.

आपला,
एक वाचक आणि कॉम्प्युटर रिपेअरवाला,
अमळनेर, जि. जळगाव